पारा ४५ वर म्हणजे नेमकं काय? माठ, टायर आणि रुळांमागचं कणांचं विज्ञान

नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, जवळ आला की जळगाव-भुसावळचे आकडे रोज बातम्यांत झळकू लागतात. आज ४४, उद्या ४५, एखाद्या वर्षी त्याहून पुढे. त्याच दिवसांत मोबाईलवर सल्ल्यांचाही पाऊस पडतो. टायरमध्ये हवा कमी भरा. कुलर लावल्यावर दारं-खिडक्या घट्ट लावून घ्या. माठ वाऱ्यात ठेवू नका, पाणी तापेल. पंखा पूर्ण वेगाने सोडला की ऊन लागत नाही. यातले बरेच सल्ले चुकीचे आहेत आणि एक-दोन तर जिवावर बेतणारे आहेत.

कुठला खरा आणि कुठला खोटा, हे ताडायला पाठांतर लागत नाही. हवा, पाणी आणि लोखंड आतून कसं वागतं याची एकच कल्पना नीट डोक्यात बसली की पुरे. जगातली प्रत्येक वस्तू अतिशय बारीक कणांची बनलेली आहे आणि हे कण कधीही स्वस्थ नसतात, ही ती कल्पना. शाळेत आपण त्यांना अणू आणि रेणू म्हणून शिकलो. या लेखात सरसकट ‘कण’ म्हणतो.

तापमान म्हणजे कशाचं मोजमाप?

हवेत कण आहेत आणि ते सगळ्या दिशांना पळत आहेत. किती वेगाने? आपल्या घरातल्या हवेत बहुतांश नायट्रोजन असतो. त्याच्या कणाचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे ५०० मीटर, म्हणजे ताशी अठराशे किलोमीटर. वारा अजिबात नसतानाही हा वेग असतोच. वारा म्हणजे कणांची झुंड एका दिशेला सरकणं. इथे आपण बोलतोय ते सैरावैरा धावण्याबद्दल. कुणी पूर्वेला, कुणी पश्चिमेला, कुणी जमिनीकडे.

या धावपळीत कणांकडे सरासरी जी ऊर्जा असते, तिचं मोजमाप म्हणजे तापमान. ‘सरासरी’ हा शब्द इथे फार महत्त्वाचा आहे. सगळे कण एका वेगाने धावत नाहीत. काही मंद, बरेचसे मध्यम आणि थोडे फारच वेगवान. कुठल्या वेगाचे किती कण असतील, याचं गणित जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८५९-६० च्या सुमारास मांडलं. त्या थोड्या वेगवान कणांना विसरू नका. माठापासून घामापर्यंत सगळी करामत त्यांचीच आहे.

आता एक चकवा. जानेवारीतल्या पहाटे १५ अंश आणि मे महिन्यातल्या दुपारी ४५ अंश. म्हणजे तिप्पट उष्णता झाली का? नाही. सेल्सिअसमधलं शून्य हे पाणी गोठण्याचं तापमान आहे, कणांची ऊर्जा तिथे संपत नाही. कणांची धावपळ जिथे कमीत कमी होते ते तापमान उणे २७३ अंश. तिथून मोजलं तर पहाट २८८ वर आणि दुपार ३१८ वर येते. फरक जेमतेम दहा टक्क्यांचा, आणि कणांच्या वेगातला फरक तर पाच टक्क्यांचाच. एवढ्याशा फरकाने एवढा मोठा परिणाम कसा होतो, याचं उत्तर माठापाशी मिळेल.

पण कण हलतात हे कुणी पाहिलं?

शंका रास्त आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीपर्यंत नामांकित शास्त्रज्ञही अणू ही फक्त हिशेबाची सोय आहे, खरी वस्तू नव्हे, असं म्हणत होते.

१८२७ मध्ये रॉबर्ट ब्राऊन या स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने परागांतून निघालेले सूक्ष्म कण पाण्यात टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. ते सतत थरथरत होते. सजीव आहेत म्हणून हलत असतील, असं वाटणं स्वाभाविक होतं. ब्राऊनने मग दगडाची, काचेची भुकटी टाकून पाहिली. तीही तशीच थरथरली. त्या थरथरीचं पक्कं गणित मांडायला १९०५ साल उजाडावं लागलं. अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी दाखवून दिलं की पाण्याचे अदृश्य कण चहूबाजूंनी धडका देत असतील आणि एखाद्या क्षणी एका बाजूच्या धडका किंचित जास्त पडत असतील, तर भुकटीचा कण किती वेळात किती सरकेल हे आधीच सांगता येतं. फ्रान्समध्ये ज्याँ पेराँ यांनी ते मोजलं, आकडा जुळला, आणि १९२६ चं नोबेल पारितोषिक त्यांना मिळालं. त्यानंतर अणूंच्या अस्तित्वाबद्दलचा वाद जवळपास मिटलाच.

घरी करायचं असेल तर दोन काचेचे पेले घ्या. एकात माठातलं गार पाणी, दुसऱ्यात चुलीवरून उतरवलेलं गरम. दोन्ही पाणी स्थिर होऊ द्या आणि प्रत्येकात शाईचा एक-एक थेंब सोडा. ढवळू नका. गरम पाण्यात शाई झटपट पसरते, गारात बराच वेळ दोऱ्यासारखी लोंबत राहते. गरम पाण्यात लहान लहान प्रवाहही उठत असतात, त्यांचा वाटा यात आहेच. पण कणांच्या धक्क्यांमधला फरक हे त्यामागचं एक कारण नक्की आहे. कौलाच्या फटीतून आलेल्या तिरिपेत धूळ नाचते, ते मात्र याचं उदाहरण म्हणून देऊ नये. ती धूळ मोठी असते आणि बहुतांशी हवेच्या प्रवाहाबरोबर तरंगते.

दावण, पाणंद आणि माळरान

कण सारखेच हलत असतील तर लोखंड टणक, पाणी वाहतं आणि वाफ उडून जाते, हे कसं? कणांमध्ये आपसांत ओढ असते आणि त्यांची धावपळ ती ओढ मोडू पाहते. या दोन्हींमध्ये कोण वरचढ, यावर सगळं ठरतं.

गोठ्यात दावणीला बांधलेली गुरं डोळ्यांसमोर आणा. ती काही पुतळ्यासारखी उभी नसतात. पाय बदलतात, शेपटी मारतात, मान हलवतात. पण आपला खुंटा सोडत नाहीत. हा झाला घन पदार्थ. लोखंडाचे कण आपापल्या जागी सेकंदाला कित्येक लाख कोटी वेळा थरथरतात, पण जागा सहसा सोडत नाहीत, म्हणून खिळ्याचा आकार खिळ्याचाच राहतो.

संध्याकाळी तीच गुरं पाणंदीतून गावाकडे येतात तेव्हा एकमेकांना खेटून असतात. दोन जनावरांत रिकामी जागा फारशी नाही, तरी मागचं पुढे येतं, डावीकडचं उजवीकडे घुसतं, आणि पाणंद जशी वळेल तसा कळप वळतो. पाण्याचं तसंच. कण एकमेकांना चिकटून, तरी सतत शेजारी बदलत असतात. म्हणून पाणी भांड्याचा आकार घेतं. दाबून मात्र फारसं दबत नाही, कारण मधे दाबायला जागाच नसते.

आणि माळावर काहीतरी बुजून गुरं उधळली, तर वाट फुटेल तिकडे पळतात. हा वायू. कुंपण असेल तिथपर्यंत पसरायचं, कुंपणाला धडकायचं, परत फिरायचं. एक लिटर पाणी उकळून वाफ झाली तर ती सोळाशे-सतराशे लिटर जागा व्यापते. कण तेवढेच, त्यांचा आकारही तोच. मधलं अंतर मात्र प्रत्येक दिशेला साधारण बारा पट वाढलेलं. भरताचं वांगं भाजण्याआधी त्याला टोचे मारतात ते याचसाठी. आतल्या पाण्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट नसेल तर सालीवर आतून धडका बसत राहतात आणि वांगं फुटतं.

गुरांची उपमा एका ठिकाणी थकते, अगदी शब्दशः. गुरं दमतात. कण दमत नाहीत.

न दमता कण चालतात कसे?

एरवी कुठलीही चालती वस्तू थांबते. ढकललेली बैलगाडी थोडं जाऊन थांबते. तिची गती गेली कुठे? वंगण संपलेल्या आखाला हात लावून पाहा, चटका बसेल. गाडीची एका दिशेची गती आखाच्या आणि चाकाच्या कणांच्या सैरावैरा थरथरीत बदलली. घर्षण म्हणतात ते हेच. आता कणांचीच गती घर्षणाने जायची म्हटली, तर ती जाणार कुठे? त्यांच्याहून खालची पायरी नाही. एक कण दुसऱ्यावर आदळला तर एकाचा वेग कमी होतो, दुसऱ्याचा वाढतो, आणि एकूण हिशेब तेवढाच राहतो.

पूर्वी उष्णता हा एक अदृश्य द्रव आहे आणि तो गरम वस्तूतून गार वस्तूत वाहतो, असं मानायचे. म्युनिकमध्ये तोफांच्या नळ्या कोरण्याचं काम पाहणाऱ्या काउंट रमफर्डने १७९८ मध्ये यावर बोट ठेवलं. बोथट सामत्याने नळी कोरत राहिलं की उष्णता निघतच राहते, कधी संपत नाही. आत साठवलेला द्रव असता तर तो केव्हा ना केव्हा संपला असता. मग उष्णता ही वस्तू नसून गती आहे, असं त्याचं म्हणणं. त्याचं म्हणणं सर्वमान्य व्हायला पुढे अर्धशतक लागलं.

कण बंदुकीच्या गोळीसारखे पळतात, मग वास यायला वेळ का?

थंडीत शेतावर भरीत पार्टी असते. पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांचा जाळ, त्यात बामणोदची पांढुरकी-हिरवी वांगी. वास तुमच्यापर्यंत यायला थोडा वेळ लागतो, आणि वारा उलटा असेल तर येतही नाही. वासाचे कण सेकंदाला शेकडो मीटर पळत असतील तर शेताच्या त्या टोकाला असलेल्या माणसाला तो क्षणात यायला हवा.

हाच आक्षेप डच शास्त्रज्ञ बाइस-बॅलट यांनी १८५८ मध्ये घेतला होता, आणि त्या वेळी तो सगळ्या सिद्धांताच्या मुळावर येईल असं वाटलं होतं. जर्मनीचे रुडॉल्फ क्लॉसियस यांनी त्याच वर्षी उत्तर दिलं. कण वेगाने पळतात हे खरं, पण सरळ पळू शकत नाहीत. आपल्या भोवतालच्या हवेत एका घन सेंटीमीटरमध्ये जवळपास २५ वर अठरा शून्यं लिहावी लागतील इतके कण असतात. वासाचा कण मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतकंही अंतर सरळ जात नाही, तोच दुसऱ्यावर आदळून दिशा बदलतो. सेकंदाला अशा काही अब्ज टकरा. दिवसभर धावून गावातच, अशी त्याची गत होते.

नुसत्या या भटकंतीवर सोडलं तर निश्चल हवेत वासाला दोन-चार मीटर यायलाही तासन् तास लागले असते. प्रत्यक्षात तो लवकर येतो, कारण जाळाने तापलेली हवा वर उठते, वारा वाहतो, आणि वासाचे कण त्या झुंडीबरोबर वाहून येतात. रावेर-यावल पट्ट्यातल्या केळी पिकवण्याच्या शीतगृहांतही हेच दिसतं. तिथे इथिलीन हा वायू सोडतात, हवेच्या दहा लाख भागांत साधारण शंभर भाग पुरतो. पण तो सोडून गप्प बसत नाहीत. पंखे लावून तो प्रत्येक खोक्याच्या आत फिरवावा लागतो, नाहीतर दाराजवळची केळी पिवळी आणि मागची हिरवी.

उन्हाळ्यात टायरमध्ये हवा कमी भरावी का?

टायर फुगलेला राहतो तो आतले कण रबरावर सतत आदळतात म्हणून. एकेका कणाची धडक नगण्य, पण प्रत्येक क्षणी ती अगणित वेळा बसते. या सगळ्या धडकांची बेरीज म्हणजे दाब. बाहेरची हवाही आपल्या अंगावर असाच दाब देते, दर चौरस सेंटीमीटरला साधारण एक किलो वजनाइतका. आतूनही तेवढाच असतो म्हणून जाणवत नाही.

सकाळी २५ अंशांवर मोटारसायकलच्या मागच्या टायरात ३० पौंड हवा भरली आणि दुपारी महामार्ग ५३ वर धुळ्याकडे निघालात. तापलेलं डांबर आणि रबराची सततची दुमड, यांनी आतली हवा समजा ६५ अंशांवर गेली. कण जास्त वेगाने आणि जास्त वेळा आदळू लागले. हिशेब केला तर दाब सुमारे ३६ पौंड होतो. सहा पौंडांची ही वाढ टायर बनवणाऱ्याने गृहीत धरलेली असते, आणि गाडीवर लिहिलेला आकडा थंड टायरचाच असतो.

‘मग आधीच चार-पाच पौंड कमी भरू’ हा सल्ला इथून निघतो आणि तो धोक्याचा आहे. हवा कमी असली की टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त चेपतो. चेपणं-सुटणं म्हणजे घर्षण, घर्षण म्हणजे कणांची धावपळ, आणि टायर उलट अधिक तापतो. उन्हाळ्यात फुटणाऱ्या टायरांचं एक मोठं कारण कमी हवा आणि जादा वजन हे आहे. सकाळी, गाडी चालवण्याआधी, कंपनीने दिलेल्या आकड्याएवढीच हवा भरा.

स्वयंपाकाच्या सिलिंडरची गोष्ट वेगळी. त्यात बहुतांश द्रव असतो आणि वर थोडी जागा त्याच्या वाफेसाठी मुद्दाम मोकळी ठेवलेली असते. आतला दाब द्रव किती उरला यावर ठरत नाही, तापमानावर ठरतो. म्हणून गॅस संपत येईपर्यंत शेगडीची ज्योत सारखीच राहते. आणि म्हणूनच सिलिंडर उन्हात किंवा चुलीशेजारी ठेवू नये.

लोखंड कुठे पळतं? मग रूळ का वाकतात?

लोखंडाचे कण आपापल्या खुंट्याला बांधलेले, तरी तापलं की थरथर वाढते. नुसती थरथर दोन्ही बाजूंना सारखी असती तर लांबी बदलली नसती. पण दोन कण जवळ आले की एकमेकांना फार जोराने ढकलतात आणि लांब गेले की त्यामानाने सौम्यपणे ओढतात. त्यामुळे थरथर वाढली की मधलं सरासरी अंतर लांबीच्या बाजूला सरकतं. एका अंशाला ही वाढ नगण्य असते. पण एक किलोमीटरचा मोकळा रूळ ४० अंशांनी तापला तर तो जवळपास अर्धा मीटर लांब होईल. दुपारी रुळाचं तापमान हवेपेक्षा बरंच जास्त असतं, त्यामुळे पहाटेपासून एवढा फरक पडणं अवघड नाही.

जुन्या रुळांत जोडांपाशी फट ठेवायचे, खडखड आवाज तिचाच. आता रूळ लांबच लांब सलग जोडलेले असतात. त्यांना वाढू दिलं जात नाही. स्लीपर आणि खडी त्यांना जखडून ठेवतात, आणि ते एका ठरावीक मधल्या तापमानाला बसवलेले असतात. ऊन चढलं की न वाढलेली लांबी आतल्या दाबाच्या रूपाने साठते. खडी कमी पडली किंवा स्लीपर ढिले असले तर रूळ बाजूला साप वळावा तसा वाकतो. भुसावळसारख्या गजबजलेल्या मार्गांवर भर दुपारी रुळांवरून चालत पाहणी करणारे रेल्वेचे कर्मचारी हेच बघत असतात. त्या उन्हात ते काम करतात, याची जाण गाडीत बसणाऱ्या आपल्याला असायला हवी.

माठात काय चालतं?

नव्या माठाच्या पोटावर हात ठेवा. ओलसर, गार, किंचित खरखरीत. माती भाजताना तिच्यात बारीक छिद्रं राहतात, त्यांतून पाणी झिरपत बाहेरच्या अंगावर येतं. आपल्याकडच्या क्षारयुक्त पाण्याने एखाद-दोन हंगामांत तिथे पांढरी पापडी धरते, छिद्रं बुजतात, आणि माठ ‘जुना झाला, गार करत नाही’ म्हणून बाजूला पडतो. वरून तैलरंग दिलेला माठही याच कारणाने फसतो.

त्या ओलसर अंगावरच्या पाण्याचे कण एकमेकांना धरून आहेत. त्यातले बहुतेक ओढ तोडू शकत नाहीत. पण मघाशी म्हटलेले थोडे अतिवेगवान कण पृष्ठभागापाशी आले तर सुटून हवेत जातात. सर्वांत चपळ निघून गेले की मागे राहिलेल्यांची सरासरी आपोआप खाली येते. सरासरी खाली येणं म्हणजे तापमान उतरणं. पाणी शंभर अंशांना उकळतं, मग दोरीवरचे कपडे कसे वाळतात, या प्रश्नाचं उत्तरही हेच. उडून जायला शंभर अंश लागत नाहीत, तेवढा चपळ कण असणं पुरतं. उकळणं म्हणजे पाण्याच्या पोटातही वाफेचे बुडबुडे टिकू लागणं, आणि ते बाहेरच्या हवेच्या दाबावर अवलंबून. सातपुड्यात तोरणमाळला, साडेअकराशे मीटरच्या आसपास उंचीवर, हवेचा दाब कमी असल्याने पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळतं आणि साध्या पातेल्यात डाळ शिजायला जास्त वेळ लागतो. कुकरमध्ये दाब वाढवून ते १२० पर्यंत नेतात, म्हणून लवकर शिजते.

किती गार होतं? एक लिटर पाणी उडून जाताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातं. दहा लिटरच्या माठातून पाव लिटर उडालं आणि बाहेरून काही उष्णता आत आलीच नाही, तर उरलेलं पाणी १४ अंशांनी उतरेल. प्रत्यक्षात बाहेरची उष्णता येतच राहते, म्हणून दिवसभरात त्याहून बरंच जास्त पाणी उडतं. उन्हाळ्यात माठ पुन्हापुन्हा भरावा लागतो, तो काही सगळा आपण पितो म्हणून नव्हे.

आता सुरुवातीचं कोडं. वेग पाच टक्केच वाढतो, मग ४५ अंशांना कपडे एवढ्या झटपट का वाळतात? कारण वाळण्याचं काम सरासरी कण करत नाहीत, टोकाचे करतात. सरासरी थोडीशी वर गेली की ओढ तोडू शकणाऱ्यांची संख्या कितीतरी पटींनी वाढते. १५ अंशांवरून ४५ वर जाताना पाण्याची वाफ बाहेर पडण्याची ताकद पाच पटींहून अधिक वाढते. मे महिन्यात गच्चीवर घातलेल्या बिबड्या आणि कुरडया दिवसभरात कडक होतात, थंडीत त्याच दोन-तीन दिवस रेंगाळतात, ते यामुळेच.

वाऱ्यात माठ तापेल ही भीतीही आता तपासून पाहता येते. सुटलेले कण माठाभोवतीच घोटाळले तर त्यातले काही परत पाण्यात पडतात. वारा त्यांना दूर नेतो. गरम पण कोरडा वारा थोडी उष्णता देतो, आणि त्याहून जास्त बाष्पाबरोबर काढून नेतो. माठ सावलीत आणि वाऱ्याच्या वाटेवर ठेवा.

जूनमध्ये कुलर का चालत नाही?

कुलर म्हणजे पंखा लावलेला माठच. पाऊस सुरू झाला की दरवर्षी लोक म्हणतात, कुलर बिघडला. तो बिघडलेला नसतो. पाण्यातून जितके कण सुटतात तितकेच हवेतून परत येऊ लागले की गार होणं थांबतं. त्या टोकाच्या मर्यादेच्या तुलनेत हवेत आत्ता किती टक्के बाष्प आहे, याला सापेक्ष आर्द्रता म्हणतात.

मे महिन्यातल्या दुपारी ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर वाऱ्यात धरलेलं ओलं फडकं २३ अंशांपर्यंत उतरू शकतं. चांगला कुलर तिथपर्यंत पोहोचत नाही, पण २७-२८ ची हवा देऊ शकतो. जुलैत ३२ अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर तेच फडकं २९ च्या खाली जाणार नाही. म्हणजे सगळी धडपड तीन अंशांसाठी. खानदेशात कुलर घरोघरी आणि मुंबईत तो फारसा उपयोगी पडत नाही, याचं कारण इथे आहे.

बंद खोलीत कुलर लावू नका, तेही यामुळेच. खोलीतली तीच ती हवा फिरत राहिली की तिच्यातलं बाष्प तासाभरात वाढतं आणि मे महिन्यातच तुमच्या घरात जुलै होतो. कुलरच्या मागे बाहेरची कोरडी हवा हवी आणि समोरच्या बाजूची खिडकी उघडी हवी.

आपलं शरीर आणि हे गणित

आपली त्वचा साधारण ३५ अंशांवर असते. हवा त्याहून गार असेल तर शरीराची उष्णता हवेकडे जाते. हवा ४४ वर गेली की प्रवाह उलटतो, हवेचे चपळ कण त्वचेला ऊर्जा देऊ लागतात. त्यानंतर शरीरापाशी एकच उपाय उरतो, घाम उडवणं. म्हणून ओल्या फडक्याचं तापमान हा नुसत्या पाऱ्यापेक्षा खरा इशारा आहे. ते ३५ वर गेलं तर धडधाकट माणूसही काही तासांपेक्षा जास्त तग धरू शकणार नाही, असा अंदाज पूर्वी होता. अमेरिकेत तरुण, निरोगी लोकांवर झालेल्या प्रयोगांत मर्यादा त्याहून खाली, ३१ च्या आसपास आढळली. म्हातारी माणसं, लहान मुलं, उन्हात राबणारे मजूर यांच्यासाठी ती आणखी खाली असणार.

कोरड्या उन्हात फसवणूक वेगळी आहे. ‘मला घाम येत नाही’ असं शेतात काम करणारा सांगतो, तेव्हा घाम येत असतो. तो अंगावर थांबायच्या आधीच उडून जातो. सदऱ्याच्या पाठीवर पांढरे मिठाचे डाग दिसतात ते त्याचेच. पाणी आणि मीठ दोन्ही गेलेलं असतं आणि तहान उशिरा लागते. तहानेची वाट न पाहता ठरावीक वेळाने पाणी, मीठ घातलेलं ताक किंवा ओआरएस घ्यायला हवं.

पंख्याचं काय? ४० अंशांच्या वर नुसता पंखा शरीराला गार करण्याऐवजी तापवतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. कोरड्या अंगावर तो तापलेल्या हवेचे कण आणून आदळवत राहतो. पत्र्याच्या घरात, दारं बंद करून, पंख्याखाली झोपलेली म्हातारी माणसं याच कारणाने धोक्यात असतात. त्यांच्या अंगावर ओला रुमाल किंवा ओलं सुती पातळ टाका, हातपाय पाण्याने पुसत राहा, खिडकी उघडी ठेवा, आणि मग पंखा लावा. आता तोच पंखा उडालेलं बाष्प दूर नेईल. माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग भाजल्यासारखं तापलं, तर सावलीत आणून अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि त्याच वेळी १०८ ला फोन करा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका.